लेखी कॅन्टोनीज शब्द

लेखन, प्रकट वाचन, गीते आणि औपचारिक भाषण यांत येणारा, मात्र घरगुती संभाषणात सहसा न येणारा कॅन्टोनीज (हाँगकाँग व दक्षिण चीनमध्ये बोलली जाणारी चिनी भाषा) शब्द. हाँगकाँगमध्ये लेखी भाषेला ‘श्यू-मिन-यू’ व बोलीला ‘हाउ-यू’ म्हणतात. चीनमध्ये 1919 च्या चार मे चळवळीने (राजकीय व सांस्कृतिक सुधारणेची चळवळ) जोर धरल्यानंतर अभिजात चिनीची जागा हळूहळू उत्तरेकडील बोलींवर आधारलेल्या गद्याने घेतली. कॅन्टोनीज भाषकही शाळेत हेच गद्य लिहायला शिकतात, पण त्यातील प्रत्येक चिन्ह कॅन्टोनीज उच्चाराने वाचतात. त्यामुळे उच्चार आपला आणि शब्द परका, अशी स्थिती निर्माण झाली.

लेखी शब्द म्हणजे प्राचीन शब्द, हा समज मात्र चुकीचा आहे. ‘खाणे’ या अर्थी बोलीत ‘सिक’ आणि लेखनात ‘हेक’ येते, ‘पिणे’ या अर्थी अनुक्रमे ‘यम’ व ‘हॉत’. यांपैकी ‘सिक’ आणि ‘यम’ हीच अभिजात चिनीतील जुनी क्रियापदे होत. नकाराच्या बाबतीत चित्र उलटे दिसते: लेखनातील ‘पत’ अभिजात आहे, तर बोलीत ‘म्’ वापरतात.

जेवताना कोणी ‘हेक’ म्हटले तर अर्थ कळतो, पण तो माणूस पुस्तक वाचून दाखवत असल्यासारखे वाटते. तरीही ‘हेक-लिक’ (कष्टाचे, दमवणारे) हा जोडशब्द बोलीत सर्रास चालतो आणि ‘आपण असे करू या का’ असे सुचवताना ‘पत-यू’नेच वाक्य सुरू होते. म्हणून लेखी की बोली हा शिक्का सुट्या चिन्हावर मारून भागत नाही. तो पूर्ण शब्दागणिक ठरतो, आणि शिकणाऱ्याची फसगत बहुधा इथेच होते.

एकाच चिन्हाचे दोन उच्चार असणे ही याहून निराळी बाब आहे. ‘जीव’ या अर्थाचे चिन्ह ‘संग-मिंग’ (जीवन) या शब्दात ‘मिंग’ असे, तर ‘काउ-मेंग’ (वाचवा!) या हाकेत ‘मेंग’ असे उच्चारतात.

रेडिओ-दूरचित्रवाणीवरील बातम्यांत नामे व क्रियापदे बरीचशी लेखी वळणाची असतात, व्याकरणाचे छोटे शब्द मात्र बोलीतले येतात. कॅन्टोनीज चित्रपट-गीते व भावगीते बहुतांशी लेखी भाषेतच रचली जातात. 1970 च्या दशकात सॅम हुई या गायकाने बोलीतील गाणी लोकप्रिय केली, तरी प्रेमगीतांवर लेखी शब्दांचीच पकड राहिली.