ऋण प्रबलन आणि शिक्षा: नेमका फरक कुठे?
मानसशास्त्राच्या पेपरात ऋण प्रबलनाचे उदाहरण विचारले की अनेक विद्यार्थी छडीचे किंवा अंगठे धरून उभे करण्याचे उदाहरण लिहून मोकळे होतात. दोष त्यांचा एकट्याचा नाही. 'ऋण' म्हटले की काहीतरी त्रासदायक मनात येते आणि त्रासदायक म्हणजे शिक्षा, अशी सांगड आपोआप बसते. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट दिशेने काम करतात: प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढते, शिक्षेने ते घटते. 'धन' आणि 'ऋण' हे शब्द इथे केवळ गणितातल्या अर्थाने घ्यायचे, म्हणजे वर्तनानंतर परिस्थितीत काही भर पडली की काही वजा झाले, एवढेच ते सांगतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर डोळ्यांसमोर आणावा. पेटीच्या तळाच्या गजांतून विजेचा सौम्य धक्का बसत असतो, उंदीर सैरभैर धावतो, धावता धावता त्याचा पाय पेटीतल्या कळीवर (दाबायच्या दांडीवर) पडतो आणि धक्का थांबतो. असे काही वेळा घडले की धक्का सुरू होताच तो थेट कळीकडे झेपावतो. नकोशी गोष्ट दूर झाल्याने कळ दाबणे वाढले, म्हणून हे ऋण प्रबलन. याउलट, अन्नासाठी कळ दाबायला शिकलेल्या उंदराला कळ दाबताच धक्का बसू लागला, तर तो कळीपासून दूर राहू लागतो, ही शिक्षा. धक्का तोच आहे. एकीकडे तो वर्तनाने संपतो, दुसरीकडे वर्तनामुळे सुरू होतो.

मोटारीतही ही जोडी शेजारीशेजारी सापडते. सीटबेल्ट लावेपर्यंत वाजत राहणारा बझर बेल्ट लावताच थांबतो आणि लावण्याची सवय बळावते, तर वाहतूक पोलिसांनी फाडलेली दंडाची पावती बेल्ट न लावण्याला आळा घालते. दंडात खिशातले पैसे वजा होतात, म्हणून ती 'ऋण शिक्षा'; म्हणजे 'ऋण' हा शब्द शिक्षेलाही लागू शकतो, आणि गोंधळात भर पडते ती इथेच.

पण माझ्या मते खरी कसोटी वर्गात लागते. गणिताच्या तासाला एक मुलगा बाक वाजवतो, शिक्षक त्याला बाहेर उभे करतात. शिक्षकांच्या मनात ही शिक्षाच असते. मात्र त्या मुलाला अपूर्णांक मुळीच जमत नसतील आणि फळ्यावर बोलावले जाण्याची धास्ती वाटत असेल, तर बाहेर काढले जाणे ही त्याची सुटका ठरते. पुढच्या तासाला बाक अधिक जोरात वाजला, तर घडले ते ऋण प्रबलन, शिक्षा नव्हे. कारण नाव हेतूवरून नव्हे, परिणामावरून ठरते. शिवाय तो बाहेर जाताच वर्ग शांत होतो. त्या शांततेने शिक्षकांचेही बाहेर काढणे बळावते. दोघेही एकमेकांचे ऋण प्रबलन करत राहतात आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालू शकते.

अशा चक्रावर संशोधकांनी काम केले आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अवघड कामामुळे त्रासदायक वागणाऱ्या विकासात्मक अडचणींच्या मुलांना, 'मला समजत नाही' अशा अर्थाचे वाक्य बोलून मदत मागायला शिकवले, आणि त्यांचे त्रासदायक वागणे लक्षणीय कमी झाले. तोच धागा पकडून बाक वाजवणाऱ्या मुलाला दहाऐवजी चार गणिते देता येतील आणि हात वर करून मागितल्यास दोन मिनिटांची विश्रांती देता येईल. सुटका त्याला तेव्हाही मिळेल, पण ती हात वर केल्यावर मिळेल, बाक वाजवल्यावर नाही.