खुलासा : स्टेम सेल गर्भपातातून येतात?
‘स्टेम सेल म्हणजे गर्भपातातून काढलेल्या पेशी’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. स्टेम सेल म्हणजे खरं तर मूळपेशी, ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे संशोधक जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणाच्या मूळपेशी वाढवल्या, त्या टेस्ट ट्यूब बेबी उपचारासाठी तयार केलेल्या आणि जोडप्यांनी संमतीने दिलेल्या भ्रूणांतून. जेमतेम पाच दिवसांचा, ठिपक्याएवढा पोकळ गोळा तो. ना हृदय, ना हातपाय. घोळ बहुधा यामुळे झाला, की त्याच महिन्यात दुसरे अमेरिकी संशोधक जॉन गिअरहार्ट यांनी खरोखरच गर्भपातातल्या ऊतींतून वेगळ्या प्रकारच्या मूळपेशी मिळवल्या होत्या. रक्ताच्या मूळपेशींना तर भ्रूण लागतच नाही. कॅनडातल्या टोरांटोत टिल आणि मॅककुलॉक या संशोधकांना १९६१ मध्ये त्यांचा पुरावा दिसला उंदरांच्या प्लीहेवर (पाणथरीवर) उठलेल्या गाठींत. आज रक्ताच्या या मूळपेशी दात्याकडून घेतात, बहुतेकदा हाताच्या शिरेतून.