स्वादुपिंडातली पाण्याची गाठ: स्यूडोसिस्ट की न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर?

निपाणी, खानापूरकडून बेळगावात येणाऱ्या पेशंटच्या रिपोर्टात एक वाक्य मला पुन्हा पुन्हा दिसतं: स्वादुपिंडाच्या शेपटीकडे सिस्ट, बहुधा स्यूडोसिस्ट. पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, कधी झाली होती का, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. घरच्यांचंही ठरलेलं असतं, “पाण्याचीच गाठ हाय की ओ डॉक्टर, सुई घालून पाणी काढून टाका.”

स्यूडोसिस्ट आपल्याला पाठ आहे. स्वादुपिंडाला सूज आली, रस झिरपला, चारेक आठवड्यांत भोवती तंतूंची भिंत झाली. पण सुजेचा इतिहास नाही, दारू नाही, पित्ताचे खडे नाहीत, पोटाला मार नाही, तर रिपोर्टात स्यूडोसिस्ट लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, बहुतेक भरीव असतो, म्हणून पाण्याने भरलेला समोर आला की तो डोक्यातच येत नाही. असे पोकळ ट्यूमर बहुधा हार्मोनची लक्षणं देत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनिंगमध्ये सापडतात.

खरी गफलत भिंतीत आहे. स्यूडोसिस्टची भिंत म्हणजे व्रणाचा पापुद्रा. त्यात रक्तवाहिन्या कमी, त्यामुळे कॉन्ट्रास्ट (सीटीसाठी शिरेतून दिलं जाणारं औषध) हळूहळू आणि उशिरा चढतो. पोकळ न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची भिंत म्हणजे खुद्द ट्यूमर. त्यात रक्त भरपूर. कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण 35 ते 45 सेकंदांत, आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे ते औषध धमन्यांत असताना, ती शेजारच्या निरोगी स्वादुपिंडापेक्षा जास्त उजळते आणि पाण्याभोवती पांढरं कडं दिसतं. 70 सेकंदांच्या पोर्टल फेजपर्यंत, म्हणजे ते लिव्हरच्या शिरेत पोचेपर्यंत, बाकीचं स्वादुपिंड आणि लिव्हरही उजळलेलं असतं, त्यामुळे तेच कडं पुष्कळदा फिकं पडतं. मग दिसते ती एक साधी भिंतवाली सिस्ट.

आता आपल्याकडे काय होतं? पोटदुखी म्हणून सीटी सांगितला जातो आणि फक्त पोर्टल फेज काढला जातो. निदानाची खूण ज्या अर्ध्या मिनिटात होती, ते चित्र घेतलेलंच नसतं. मग तोच पेशंट फिल्म घेऊन कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो. फिल्मवर निवडक चित्रं, तीही पोर्टलची. तिथला डॉक्टर त्यातून काय ओळखणार? फिल्म नको, सगळ्या फेजची सीडी द्या, हा आग्रह मी सोडणार नाही.

कडं दिसलं म्हणजे निदान पक्कं झालं, असंही नाही. काही न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये ते दिसत नाही, तर सिरस सिस्टॅडिनोमासारख्या (पातळ पाण्याच्या, बहुधा साध्या) गाठीही लवकर उजळू शकतात. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम, म्हणजे चिकट स्राव भरलेली गाठ, हा तिसरा संशयित: जवळपास नेहमी बायकांमध्ये, तोही शेपटीकडेच.

शंका उरली की एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून नळी घालून आतून केलेली) करून सुईने नमुना घ्यावा, आणि नुसतं पाणी नव्हे, भिंतीचाही. पेशींवर क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिनचे रंग चढले तर उत्तर मिळालं: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. पाण्यात अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम) खूप असेल तर कल स्यूडोसिस्टकडे. पाण्यातला एकटा सीईए (एक ट्यूमर मार्कर) मागवून थांबणं मला पटत नाही. तो म्युसिनस गाठ ओळखायला कामाचा. स्यूडोसिस्ट आणि न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, या दोघांत सहसा कमीच असतो.

पेट स्कॅनबद्दलही तेच. साधा एफडीजी पेट (साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ देऊन केलेला) मंद वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये पुष्कळदा काहीच दाखवत नाही. या ट्यूमरच्या पेशींवरचे सोमॅटोस्टॅटिन हार्मोनचे रिसेप्टर शोधणारा गॅलियम-68 डोटाटेट पेट सांगावा. मात्र स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या अन्सिनेट भागात तो निरोगी माणसातही चमकू शकतो, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

हा आटापिटा एवढ्यासाठी, की स्यूडोसिस्ट समजून जठरात स्टेंट टाकून पाणी काढलं आणि तो ट्यूमर निघाला, तर उपचारच चुकला. ट्यूमर जागेवरच राहतो आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: सीटीच्या फॉर्मवर ‘पोट’ एवढंच न लिहिता ‘पँक्रियाज प्रोटोकॉल, आर्टेरियल फेजसह’ असं लिहा, आणि सुजेचा इतिहास आहे की नाही, तेही त्याच फॉर्मवर नोंदवा.