भरती रेषा नेमकी कुठली? कोकणातलं पर्यटन आणि अंतराचा वाद

कोकण किनाऱ्यावरचं पर्यटन तसं अलीकडचं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याच वर्षी दिवेआगरला सुपारीच्या वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मागे नारळ-पोफळी, पुढे पडवीत पाहुण्यांची पंगत, हे त्यानंतरचं.

समुद्रापासून किती अंतरावर बांधायचं, हा नियम मात्र केंद्राच्या १९९१ च्या अधिसूचनेतला. भरती रेषेपासून ५०० मीटर नियंत्रणाखाली, त्यातले ग्रामीण भागातले पहिले २०० मीटर नव्या बांधकामाला बंद. १९९४ मध्ये पर्यटनासाठी ही अट शिथिल करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. १९९६ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला.

खरा गुंता 'भरती रेषे'चा आहे. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, काटक्या-शिंपल्यांची ओळ दिसते ती रोजच्या भरतीची. अधिसूचनेतली रेषा उधाणाच्या पाण्याची, म्हणजे त्याहून बरीच आत. आणि समुद्राची पातळी वाढते, किनारा खचतो, तशी तीही सरकते. म्हणून २०११ मध्ये 'धोका रेषा' आली. पातळीतली वाढ आणि किनाऱ्याची झीज धरून काढायची ही रेषा हवामानबदलाची दखल घेणारी होती. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ती बांधकामाच्या बंधनांतून काढून आपत्ती व्यवस्थापनापुरती ठेवली. त्याच कागदाने दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त वस्तीच्या ग्रामीण भागात २०० मीटरचे ५० केले. २०० मीटरच्या अटीत लहान घरमालक भरडला जात होता, ही तक्रार खरीच होती. पण त्याला दिलासा देण्यासाठी धोका रेषा बाजूला सारायची गरज नव्हती.

पुढे दीड वर्षाच्या आत, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर धडकलं. पोफळी रांगेने मोडल्या, किनाऱ्यावरचं सुरूचं बन आडवं झालं. पाहुणे ज्या सावलीला यायचे, तीच गेली. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मे २०२१ मध्ये तौक्तेने देवगड-मालवणकडची कौलं उडवली.

अरबी समुद्र तापतोय, तिथली वादळं वाढली आहेत. गावांची मागणी आता धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची आहे. पण बंधारा संपतो तिथून पुढची पुळण जास्त खचते.