बोअरला कान लावला तेव्हा

गेल्या मे महिन्यात मामांनी पारनेरकडच्या रानात बोअर मारलं. जागा पाणाड्यानं दाखवली. तळहातावर आडवा नारळ धरून तो बांधाबांधानं फिरला आणि एका ठिकाणी नारळ टचकन उभा राहिला. तिथे चुना टाकला, रात्री मशीनची गाडी आली. आधी मुरूम, मग पांढरे ठिपके असलेली मऊ भुकटी, नव्वदेक फुटांवर तांबडा चिखल, आणि त्यानंतर नुसता काळा धुरळा, सगळ्यांच्या केसांत, चहात. ३८० फुटांवर दीड इंची पाणी लागलं. मामा मला म्हणाले, "तुझी पुस्तकं राहू दे, नारळ बोलला बघ."

नारळाचं आधी उरकतो. तोलून धरलेल्या नारळाला उभं राहायला हाताच्या स्नायूंची किंचित हालचाल पुरते, आणि ती धरणाऱ्यालाही जाणवत नाही. त्यामुळे पाणाड्या लबाडच असतो असं नाही, बऱ्याचदा त्याचा स्वतःचाच विश्वास बसलेला असतो. शिवाय भोक पुरेसं खोल नेलं की एखाद्या भेगेतून थोडंफार पाणी अनेकदा लागतंच. आणि फेल गेलेल्या बोअरची गोष्ट पारावर कोण सांगत बसतो?

मला जास्त खटकतो तो दुसरा समज. जमिनीखाली नद्या वाहतात, आपण फक्त खोल जायचं. हे आपल्या खडकाला बिलकुल लागू नाही.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टवर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थिजला आणि घट्ट झाला, तो काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जो थर उघड्यावर झिजला, त्याचा तांबडा पट्टा झाला. मामांच्या बोअरमधून आलेला तांबडा चिखल तोच. म्हणजे त्या रात्री त्या भोकातून एक आख्खा लाव्हाचा इतिहास उलट्या क्रमानं बाहेर पडत होता, आणि आम्ही नाकाला रुमाल लावून पाणी कधी लागतंय ते बघत होतो.

बुडबुडे आहेत म्हणजे पाण्याला जागा आहे, असं वाटेल. पण ते एकमेकांना जोडलेले नसतात, आणि त्यातले कितीतरी झिओलाइटच्या स्फटिकांनी बुजलेले असतात. भुकटीतले पांढरे ठिपके तेच. पाणी राहतं ते झिजलेल्या वरच्या पट्ट्यात आणि भेगांत.

आता एकच आकडा, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो. पाण्यानं भरलेला एक घनमीटर खडक उपसला तर किती लिटर पाणी सोडतो? गंगेच्या खोऱ्यातला वाळूचा गाळ शंभर-दीडशे लिटर सहज सोडतो. आपला झिजलेला बेसॉल्ट १० ते ३०. घट्ट पाषाण नावापुरतं. सुटणाऱ्या पाण्याच्या या प्रमाणाला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. आपण २ टक्के, म्हणजे घनमीटरला २० लिटर, धरू. ५०० मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला दहावा हिस्सा मुरला, म्हणजे ५० मिलिमीटर. त्याला ०.०२ नं भागा: २५०० मिलिमीटर. विहिरीची पातळी अडीच मीटर चढली! गावात आनंद. पण जमिनीखाली पाणी आलं किती? तीन बोटं. 'भूजल पातळी दोन मीटरनं वाढली' ही बातमी वाचली की मी मनातल्या मनात २ टक्क्यांनी गुणतो आणि ४ सेंटिमीटर म्हणतो.

हेच गणित उलटं चालवा. उसाला वर्षाला ढोबळमानानं २००० मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचं ४०० कामी आलं तर १६०० विहिरीतून. मुरतं एकरी ५०. म्हणजे एक एकर ऊस बत्तीस एकरांत मुरलेलं पाणी पितो. ठिबक लावलं तर कमी पितो, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचा एकर लागतो आणि हिशोब तिथेच येतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचंही तसंच. त्यात विहिरीचंच पाणी उपसून भरायचं आणि उन्हाला वाळत ठेवायचं, याला जलसंधारण म्हणणं धाडसाचं आहे.

मग कायदा? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं, असाच व्यवहार आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई करतो. मामांचं बोअर ३८० फूट. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. सौरपंपाला तर पुढच्या लिटरचा खर्च शून्यच. पंप बंद करायला शेतकऱ्याकडे कारण उरतच नाही. पंजाबनं २०१८ मध्ये वाचवलेल्या विजेच्या युनिटमागे शेतकऱ्यालाच पैसे द्यायचा प्रयोग केला. मला तो पटतो, कारण त्यात पाणी न उपसण्याला किंमत आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारानं वेगळी वाट धरली. शेतीसाठी बोअर बंद, उसाला बंदी, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पिकांचा ताळेबंद. त्याच खडकावर. तिथे पाण्याचा हिशोब गावाचा असतो, एकेकट्या सातबाऱ्याचा नसतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामांनी हौसेनं बोअरचं झाकण काढलं. "कान लाव. कसं पाणी येतंय ऐक." लावला. आत खोल कुठेतरी अखंड झुळझुळ चालली होती.

बोअरला केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, असतं ते वरच्या मुरमापुरतं, मामांच्या बोअरला वीस फूट. त्याखाली भोक उघडं. चाळीसेक फुटांवरचा झिजलेला मांजऱ्या भिजलेला होता, आणि खालचा पाषाण इतकी वर्षं त्याचं पाणी वर तोलून धरत होता. त्या पाषाणाला आम्हीच सहा इंचांचं भोक पाडलं होतं. खालच्या भेगांतलं पाणी पंपानं ओढलं की वरचं खाली कोसळतं. आवाज त्याचा होता.

तिथून साठ पावलांवर आजोबांनी खोदलेली पंचेचाळीस फुटी विहीर आहे. दिवाळीत तिचं पाणी दहा हातांवर असायचं. दोराला दगड बांधून सोडला. बाविसाव्या हाताला तो ओला झाला.