बाहेर हिरवी, आत तपकिरी: कॉर्व्हेटच्या रंगजोड्यांची पार्श्वभूमी

कॉर्व्हेट ही जनरल मोटर्सची अमेरिकी स्पोर्ट्स कार. जुनी कॉर्व्हेट विकायला निघाली की इंजिनाखालोखाल चौकशी होते ती रंगाची. बाहेरचा हिरवा आणि आतला तपकिरी ही जोडी कारखान्यातूनच निघाली, की मधल्या एखाद्या मालकाची हौस? गंमत म्हणजे सुरुवातीला या गाडीला रंगाची निवडच नव्हती.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने ‘मोटोरामा’ प्रदर्शनात ही गाडी मांडली. ३० जूनपासून मिशिगनमधल्या फ्लिंटला उत्पादन सुरू झालं आणि त्या वर्षीच्या तिनशेच्या तिनशे गाड्या एकसारख्या निघाल्या: बाहेरून पोलो व्हाइट, आत लाल, छत काळं. फायबरग्लासची बॉडी कामगारांना नवी होती, जुळणी बरीचशी हाताने चाले. त्यात रंगांचे लाड कोण पुरवणार?

१९५४ मध्ये काम सेंट लुईसला गेलं आणि पेनंट ब्लू आला, आत बेज रंग घेऊन. ३,६४० गाड्या बनल्या, पण पुष्कळशा विक्रेत्यांकडे पडून राहिल्या. १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर घसरलं. हार्वेस्ट गोल्ड त्याच पडत्या काळातला: पिवळ्या गाडीवर गडद हिरवं छत. फोटो पाहिला तर दुसऱ्याच गाडीचं छत चढवलंय असं वाटतं. मला ही जोडी आवडते, पण ती सगळ्यांना पटणार नाही.

१९५६ मध्ये नव्या बॉडीला पुढच्या चाकामागून दारापर्यंत एक खोलगट भाग आला. जादा पैसे भरले की तो वेगळ्या रंगात मिळे, उदाहरणार्थ कॅस्केड ग्रीन गाडीला बेज. ही सोय १९६१ पर्यंत चालली.

साठच्या दशकात खरी खिचडी झाली, कारण आता आतले रंगही वाढले होते. कोणत्या बाहेरच्या रंगाबरोबर आतला कोणता शोभेल याची शिफारस कंपनीच करायची. १९६७ ची गुडवुड ग्रीन गाडी हिरव्या अंतर्भागासह मिळे, तशीच सॅडल म्हणजे खोगिराच्या तपकिरी रंगातही. बहुतेक गिऱ्हाइकं शिफारशीतलंच काहीतरी निवडत. एखादा हट्टाने यादीबाहेरची जोडी मागे, आणि विक्रेत्याने लावून धरलं तर ती मिळेही. आज दुर्मीळ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक गाड्यांमागे कुणा रंगतज्ज्ञाची प्रतिभा नाही, एका गिऱ्हाइकाचा हट्ट आहे.

तो सिद्ध करणं मात्र जिकिरीचं. १९६३ पासून गाडीवर एक छोटी धातूची पाटी येऊ लागली, तिच्यावर बाहेरच्या आणि आतल्या रंगाचे कोड ठोकलेले. १९६३ ते ६७ च्या गाड्यांत ती डॅशबोर्डखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या खालच्या बाजूला असते. १९६७ पासून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला कागदही सापडतो, त्यावर गाडीची सगळी ऑर्डर छापलेली. पण तो वाचायला टाकी खाली उतरवावी लागते, आणि ओल-गंजात एवढी वर्षं काढलेल्या कागदाचे अनेकदा तुकडेच हाती येतात. पाट्या नकली बनवता येतात, बनवल्या जातातही. १९६३ च्या आधीच्या गाडीवर तर रंगाचा कोडच नाही. तिथे जुनी कागदपत्रं नसतील तर डॅशबोर्डमागे किंवा पट्ट्यांखाली उरलेला मूळ रंगाचा थर शोधायचा आणि त्यावरूनच वाद घालायचा.