मराठा लाइट इन्फंट्री शिवाजी महाराजांनी उभारली का?

भारतीय लष्करातील मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट शिवरायांच्या सैन्याचीच अखंड चालत आलेली तुकडी आहे, असे अनेक वर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. महाराजांचे निधन १६८० साली झाले, तर या रेजिमेंटची पहिली बटालियन, म्हणजे ‘जंगी पलटण’, ईस्ट इंडिया कंपनीने १७६८ साली मुंबईत उभारली आणि कंपनीच्या याच मुंबई फौजेने १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांविरुद्ध लढाई केली, हे विसरून चालणार नाही. टोपीवरील चिन्हात दिसणारा बिगुलही युरोपीय लाइट इन्फंट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची, खूण आहे. १९२२ साली ब्रिटिश भारतीय लष्कराच्या पुनर्रचनेत अशा जुन्या पलटणी एकत्र येऊन ही रेजिमेंट झाली. महाराजांच्या नावाचा जयघोष मात्र जवानांनी मनापासून स्वीकारलेला आहे, आणि त्यांच्या शौर्याला अशा दंतकथेची गरजही नाही: दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळवला.